ऑल्मारचं गिऱ्हाईक

मॅडमनी दारात थांबून, चष्मा पुसता पुसता, सहज सांगावं तसं सांगितलं, की ते ऑल्मार लोकर कंपनीचं प्रकरण पुन्हा जागं झालंय, पुढच्या आठवड्यात साक्ष लागलीय आणि साक्षीदार अर्थातच तुम्ही. तो 'बरं' म्हणाला. मॅडम आत गेल्या. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण खुर्चीतून अर्धवट उठलोय, धड उभेही नाही आणि धड बसलेलेही नाही. समोरची हिशेबनीस बाई बघतेय असं वाटून तो पाणी प्यायला म्हणून निघाला आणि पाणी न पिताच परत आला. घाबरण्यासारखं खरं तर काही नव्हतं. साक्ष देणं हा त्याच्या पोटापाण्याचाच भाग होता. मॅडम वकील होत्या आणि त्यांचं ऑफिस परदेशी कंपन्यांची नावं सांभाळायचं. कुठल्या तरी गल्लीत कुणी तरी कुठल्या तरी लांबच्या कंपनीचं नाव आपल्या पाटीवर चढवायचा, साबणाला म्हणा, पंपाला म्हणा, टायरला म्हणा. त्याचा सुगावा कंपनीला लागायचा, कंपनी मॅडमना लिहायची आणि मॅडम त्याला पाठवायच्या. त्याने गिऱ्हाईक होऊन जायचं, वस्तू त्या नावाने मागायची, विकत घ्यायची, छापील बिल मागायचं, समोरच्या फुटपाथवरून पाटीचा फोटो काढायचा आणि मग शपथेवर सांगायचं, की होय, या नावाने ही वस्तू मला विकली. म्हणून ऑफिसात त्याला सगळे गिऱ्हाईक म्हणत. नवीन आलेल्यांना तर त्याला दुसरं काही नाव असेल असं वाटतही नसे. मी पगारी गिऱ्हाईक, असं तोही म्हणायचा, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

या धंद्याला लागतं फक्त एक साधं, विसरण्याजोगं तोंड, आणि ते देवाने त्याला सढळ हाताने दिलं होतं. दुकानदार त्याच्याकडे बघत आणि लगेच विसरून जात. पण नुसतं तोंड पुरत नाही, कारणही लागतं. पंप कशाला हवा? गोळ्या कुणाला? म्हणून त्याने हळूहळू एक गोतावळा जमवला होता. एक मावशी होती, तिला त्याने औषधांच्या दुकानांपायी इतके रोग लावले होते, की ती खरी असती तर केव्हाच गेली असती. एक अर्धवट बांधलेलं घर होतं, त्याला नळ, रंग, कुलपं, सगळं लागे आणि ते काही पुरं होत नसे. एक बायकोही होती, पण ती टिकली नाही. पावडरच्या दुकानात ती गोरी असायची, साबणाच्या दुकानात तिच्या अंगाला खाज असायची आणि घड्याळाच्या दुकानात ती त्याच्यावर रुसलेली असायची. तिचा नीट चेहरा त्याला कधी जमला नाही, जमवावासाही वाटला नाही. दुकानाची पायरी उतरली की ती संपायची आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. मुलगी मात्र त्याने एकदाच वापरली, लोकरीच्या दुकानात.

ते दुकान एका उतरत्या गल्लीच्या टोकाला होतं. आत काका यंत्रावर विणत बसायचे आणि बाहेर काकू गिऱ्हाईक सांभाळायच्या. पाटीवर 'ऑल्मार वूल हाउस' अशी अक्षरं, खाली कंपनीचं ते मेंढीचं डोकं, कुणा हौशी पेंटरने काढलेलं, त्यामुळे मेंढी थोडी हसल्यासारखी दिसायची. ती पाटी बघून तोही त्या दिवशी मनातल्या मनात हसला होता, कारण याहून सोपं काम नव्हतं. नाव तेच, चित्र तेच, स्वेटरच्या गळ्याशी पट्टीही त्याच नावाची. आत जाऊन त्याने ठरल्याप्रमाणे विचारलं, की हे ऑल्मारचंच ना? काकू म्हणाल्या, तर काय, आम्ही पहिल्यापासून ऑल्मारच. कुणासाठी हवंय? तो म्हणाला, मुलीसाठी. केवढी आहे? सहा-सात वर्षांची असेल, असं तो म्हणून गेला, आणि 'असेल' म्हटल्यावर त्याची जीभ त्यालाच टोचली, कारण बाप असं बोलत नाही. काकूंनी त्यातलं काही मनावर घेतलं नाही. बापांना आपल्या पोरांची वयं माहीत नसतात हा त्यांचा ठाम अनुभव होता. वयावर काय जातंय, त्या म्हणाल्या, माझी भाची सहाची असताना दहाची दिसायची. तुमच्या कुठवर येते तेवढं दाखवा.

त्याने हात पुढे केला. तळवा खाली करून, कमरेच्या जरा वर, अंदाजानेच. काकू टेप घेऊन बाहेर आल्या, टेपचं टोक त्यांनी जमिनीवर आपल्या पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि फीत वर त्याच्या तळव्यापर्यंत ताणली. हात हलवू नका, त्या म्हणाल्या. त्या दुकानाची मापं घेण्याची रीतच ही होती. मुलं शाळेत असायची, आईबाप कामावरून परस्पर यायचे, मग जो येईल त्याच्या हाताखालची उंची मोजायची आणि बाकीचं काकूंनी डोळ्यांनी ठरवायचं. आई आली तर दोन बोटं कमी धरायची, बाप आला तर दोन बोटं जास्त, कारण आयांना पोरं मोठी झालेली हवी असतात आणि बापांना नको असतात, असं त्या म्हणायच्या. तो हात धरून उभा राहिला. काकू फितीवरचे आकडे बघत होत्या. अंगठ्यापासून तळव्यापर्यंत नुसती हवा होती, दुकानातली, लोकरीचा बारीक कोंडा तरंगणारी. आणि त्या हवेत, त्याच्या हाताखाली, कुणी तरी उभं राहिलं. हे त्याने नंतर स्वतःला पुष्कळ वेळा समजावून पाहिलं, की हात एका जागी धरला की मुंग्या येतात, तळव्याला ऊब लागते, त्यात नवल नाही. पण तेव्हा त्याने बोटं जराशी वाकवली होती, केसांवर वाकवावीत तशी, आणि काकू म्हणाल्या होत्या, हलवू नका म्हटलं ना.

मुलगी त्याला हवी होती. एवढंच होतं ते. पण हे त्याला त्या दुकानात कळलं, पन्नाशी जवळ आल्यावर. लग्न झालं नाही याचं त्याने कधी फार वाईट वाटून घेतलं नव्हतं. आधी आईचं आजारपण होतं, मग धाकट्या भावाची नोकरी, मग मोठ्या बहिणीने चार ठिकाणी स्थळं काढली आणि चारही ठिकाणी कुठे ना कुठे माशी शिंकली. शेवटी बहिणीनेच हात टेकले आणि ती त्याला घोडनवरा म्हणून चिडवायची तेही बंद झालं. चिडवणं बंद झालं तेव्हा आपलं वय निघून गेलं हे त्याला समजलं. पण त्या सगळ्या काळात बायको नाही म्हणून त्याचा जीव तुटला नाही. तुटला तो असा, एका परक्या दुकानात, नोकरीचं काम करताना, हातातलं बिल नीट घडी करून खिशात ठेवता ठेवता. ते स्वेटर तयार झालं तेव्हा त्यानेच जाऊन आणलं. गडद निळं. बाह्या मनगटाशी आत दुमडून वरून दोन टाके घातले होते. पोर वाढली की टाके उसवायचे, काकू म्हणाल्या, बाही आपोआप खाली येते, आणखी एक वर्ष निघतं. नियमाप्रमाणे ते स्वेटर त्याने ऑफिसात जमा केलं. कारकुनाने स्वेटरच्या गळ्यातून पुराव्याचा बिल्ला टोचला, सरळ लोकरीतून, आणि ते पाकिटात बंद करून लोखंडी कपाटात ठेवलं. त्या दिवशी तो घरी गेला आणि जेवला नाही. त्याला सारखं वाटत होतं, तिला ते टोचेल.

नंतर कंपनीलाच परदेशात दुसऱ्या एका कंपनीने गिळलं आणि प्रकरण झोपलं. दावा दाखल होऊन नोटीस तेवढी गेली होती. दुसऱ्या वर्षी थंडी सुरू होता होता तो त्या गल्लीत गेला. आपण इकडे का आलो याची त्याने स्वतःशीही चौकशी केली नाही. काकूंनी त्याला ओळखलं. आपल्याला कुणी ओळखत नाही यावर ज्याची नोकरी चालते त्याला काकूंनी लांबून ओळखलं आणि विचारलं, काय म्हणते आमची छोटी बाई? कुठवर आली? त्याने हात पुढे केला. चार बोटं वर. काकूंनी अंगठ्याखाली टेप दाबली. हे पैसे त्याचे स्वतःचे होते, हे बिल कुणाला द्यायचं नव्हतं, आणि हे स्वेटर घेऊन तो घरी आला तेव्हा त्याने ते खुर्चीच्या पाठीला घालून ठेवलं आणि बराच वेळ दुसरीकडे बघत बसला, म्हणजे वळून बघितलं की ते दिसावं. असं मग दर वर्षी. लिंबासारखं पिवळं, राखाडी, विटकरी. जुनी स्वेटरं तो डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवायचा, पण ठेवण्याआधी त्यांच्या बाह्यांचे टाके उसवायचा, कारण ती वाढली होती.

तिच्याबद्दल काकूंना तो जास्त सांगत नसे. खोटं बोलण्याचा सराव असलेला माणूस किती कमी बोलतो हे लोकांना माहीत नसतं. काकू विचारतील तेवढंच तो सांगे. अभ्यासात बरी आहे, दूध पीत नाही, गळा घट्ट असला की चिडते. पण काकूंना न सांगितलेलं पुष्कळ होतं. रस्ता ओलांडताना त्याचा डावा हात आपोआप जरा बाहेर जाई. भाजी घेताना तो कडू भाजी घेत नसे. पलीकडच्या इमारतीतल्या शाळेची घंटा झाली की ऑफिसात त्याचं लक्ष उडे, आणि पाऊण तास तरी तो घड्याळाकडे बघत राही, आता पोचली असेल असं वाटेपर्यंत. हे वेड आहे हे त्याला कळत होतं. पण वेडाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. मावशी, घर, रुसलेली बायको, यांच्यासारखीच तीही एक थाप होती, फक्त पायरी उतरल्यावर ती संपत नसे, एवढाच फरक. त्याला तर कधी कधी वाटे, की ती राहते त्या दुकानातच, काकूंच्या तोंडी, आणि आपण वर्षातून एकदा तिला भेटून येतो.

नोटिशीचा कागद काकूंनी त्या दुसऱ्या वर्षी त्यालाच दाखवला होता. तुम्ही शिकलेले दिसता, वाचून सांगा, म्हणाल्या. त्याने वाचून सांगितलं. त्यातलं प्रत्येक वाक्य त्याच्या ओळखीचं होतं, दोन तर त्यानेच सुचवलेली होती. काका यंत्र थांबवून आतून आले. त्यांना राग नव्हता, नवल होतं. ते म्हणाले, सुरुवातीला आम्ही त्यांचीच लोकर विणायचो, खोक्यावर त्यांचं नाव असायचं, एवढी चांगली लोकर ज्याची त्याचं नाव पाटीवर लावावं, असं वाटलं, म्हणून लावलं. आपण त्याचं खातो तर त्याचं नाव घेऊ नये? उलट त्यांनी खूश व्हायला हवं, फुकटची जाहिरात. काकांच्या डोक्यात नाव लावणं म्हणजे मान देणं होतं, आणि कुणी मान दिला म्हणून कोर्टात खेचतं हे त्यांच्या गळी उतरेना. त्याने कंपन्यांच्या बाजूने असली स्पष्टीकरणं शेकड्यांनी ऐकली होती आणि मॅडमसमोर त्यांवर हसलाही होता. त्या दिवशी तो म्हणाला, एखादा चांगला वकील गाठा. तेवढंच त्याला म्हणता आलं.

तर मॅडमनी दारात थांबून सांगितलं त्या संध्याकाळी तो घरी न जाता सरळ त्या गल्लीत गेला. आज सांगून टाकायचं असं त्याने चालता चालता पक्कं केलं होतं. वाक्यही जुळवलं होतं. मी त्या कंपनीच्या वकिलांकडे आहे. पुढचं वाक्य मात्र जुळत नव्हतं, कारण पुढचं वाक्य मुलीचं होतं. पहिलं वाक्य सांगून दुसरं हातचं राखता येईल का, याचा विचार करत तो पायरी चढला. काकू त्याला बघून उठल्याच. बरं झालं बाई तुम्ही आलात, म्हणाल्या, तुमचा पत्ता नाही, काही नाही, कुठे शोधायचं तुम्हाला? मग त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पाटी उतरवा, पट्ट्या काढा, नाव सोडा, असं कंपनीचं म्हणणं आहे. नाव सोडलं तर आम्ही कोण? गिऱ्हाइकं कुठून येतात? त्या नावाने येतात. आता या वयात काका नवीन नावाने बसणार का? वकील म्हणालेत, एक तरी नेहमीचं गिऱ्हाईक आणा, जे वर्षानुवर्षं येतं, ज्याला पक्कं माहीत आहे की हे दुकान आमचं आहे, कुणा परदेशी कंपनीचं नाही, म्हणजे कोर्टाला पटेल की आम्ही कुणाला फसवलं नाही.

"मी म्हटलं, आहेत की आमच्या छोट्या बाईचे बाबा," काकू म्हणाल्या. "तुम्ही याल ना? तुमच्या तोंडून बरं वाटेल ऐकायला."

त्याने आत पाहिलं. काका यंत्रावर वाकले होते, पण यंत्र चालू नव्हतं. तो म्हणाला, येईन. पुढच्या आठवड्यात ना, मी तिथे असणारच आहे. हे बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण एक अक्षरही खोटं बोललो नाही, आणि आजवरच्या सगळ्या थापांत याच्याएवढी वाईट थाप आपण मारली नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच टेप उचलली. यंदाचं माप राहिलंय, म्हणाल्या. त्याने हात छातीपर्यंत नेला. एवढी झाली, काकू म्हणाल्या, अहो, बघता बघता खांद्याला लागेल. आतून काकांनी सांगितलं, की या वयात पोरींना आपला रंग आपण निवडायचा असतो, यंदा तिला विचारून या. त्याने मान हलवली. परत जाताना तो पूर्ण रस्ता रंगाचा विचार करत होता. साक्ष त्याला घराच्या दारात, कुलूप काढताना आठवली. एवढ्या गंभीर प्रसंगी माणूस असा कसा वागतो, असं त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, आणि मग दार उघडून आत गेल्यावर तो पेटीवर बसून रडला. आवाज न करता, भिंतीपलीकडे शेजारी राहतात म्हणून.

साक्ष कोर्टात नव्हती. अशा साक्षी नोंदवून घ्यायला कोर्ट एखादा निवृत्त न्यायाधीश नेमतं, त्याला कमिशनर म्हणतात, आणि तो एखादी खोली घेऊन बसतो. लांबडं टेबल, पाण्याचा जग, एका टोकाला टायपिस्ट, दोन्ही बाजूंना वकील. या खोलीत तो पूर्वी इतक्या वेळा बसला होता, की कुठली खुर्ची डुगडुगते हे त्याला माहीत होतं. तो मॅडमबरोबर आत गेला तेव्हा काका-काकू आधीच येऊन बसले होते. काकूंनी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली होती. त्याला बघून त्या हसल्या आणि त्यांनी पर्स उचलली. तो गेला नाही. मॅडमनी त्याला साक्षीदाराच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि तो बसला. काकूंना वाटलं, आधी त्यालाच बोलावलंय, म्हणून त्यांनी मान डोलावून धीर दिला. शपथ झाली. मॅडमनी त्याचं नाव विचारलं, नोकरी विचारली. त्याने सांगितलं, की मी मॅडमच्या ऑफिसात कामाला आहे. मॅडमनी लोखंडी कपाटातलं पाकीट फोडून निळं स्वेटर टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हेच का? तो हो म्हणाला. ते इतकं लहान होतं, की त्याला बघवेना. एवढीशी होती, असं त्याच्या मनात आलं. त्याने काकूंकडे पाहिलं नाही. पण पर्सची चेन उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज त्याने ऐकला, मग पुन्हा उघडल्याचा.

मग काकूंचा वकील उठला. तो तरुण होता आणि त्याला काकू घाईघाईने कानात काही तरी सांगत होत्या. ते त्याला पटत नव्हतं, पण हाताशी दुसरं काही नव्हतं. त्याने विचारलं, तुम्ही या दुकानात एकदाच गेला होता की नंतरही? नंतरही. कामासाठी? नाही, स्वतःसाठी. मॅडमनी मान वर केली. किती वर्षं? दर वर्षी. त्या वकिलाच्या आवाजात एकदम जीव आला. तुम्हाला कधी वाटलं का, की हे दुकान परदेशी कंपनीचं आहे? नाही. तुम्हाला माहीत होतं की हे या दोघांचं आहे? हो. तुम्हाला कुणी फसवलं? तो म्हणाला, नाही, मला कुणी फसवलं नाही. मॅडम लिहायच्या थांबल्या होत्या. वकील म्हणाला, म्हणजे एक साधा बाप म्हणून तुम्ही जात होता, मुलीसाठी स्वेटर घ्यायला. कंपनीचे नोकर म्हणून नव्हे. या साक्षीचं सगळं वजन एवढ्यावर होतं आणि ते त्याला त्या पोरसवद्या वकिलापेक्षा चांगलं कळत होतं. खरा बाप वर्षानुवर्षं त्या दुकानात जात असेल आणि फसत नसेल, तर पाटी टिकण्याची आशा होती. नुसता पगारी माणूस जात असेल, तर त्याच्या फसण्या-न-फसण्याला कुणी विचारणार नव्हतं.

"तुम्हाला मुलगी आहे?" वकिलाने विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

टायपिस्टने ते टिपलं. किती सोपं होतं. त्याच्या अंगावरून काही तरी सरसरत गेलं, भीतीही असेल, पण त्याला तो आनंद वाटला. आजवर ती एका दुकानात होती, आता ती कागदावर आली होती, शपथेवर. नोकरी जाणार हे दिसत होतं आणि त्याचं त्याला काही नव्हतं. काकूंनी रुमालाने डोळे पुसले. म्हणजे काकूंनी त्याला माफ केलं होतं, तो कुणाकडे नोकरी करतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. छोटी बाई आहे ना, मग झालं. वकील बसला. मॅडम उठल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्याची आजारपणं पाहिली होती, आईच्या वेळी त्या घरी येऊन गेल्या होत्या, त्याच्या घरात किती माणसं आहेत हे त्यांना माहीत होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, मला एकच विचारायचंय.

"मुलीचं नाव काय?"

त्याने तोंड उघडलं. नाव कुठे तरी असणार असं त्याला वाटलं, जिभेच्या मागे, आता येईलच. इतकी वर्षं ती त्याच्याजवळ होती आणि तो तिला कधी हाकच मारत नव्हता, ती नेहमी हाताशीच असायची. काकू म्हणायच्या ते आठवलं. तो म्हणाला, छोटी बाई म्हणतात तिला. मॅडम म्हणाल्या, लाडाचं नको, शाळेत लावतात ते सांगा. खोलीत पंखा फिरत होता. कुठलंही सांगितलं असतं तरी चाललं असतं. थापा मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मावशीच्या रोगांची नावं तो पायरी चढता चढता तयार करायचा. त्याने एक नाव उचललं आणि ते बहिणीच्या मुलीचं निघालं. दुसरं उचललं, ते हिशेबनीस बाईच्या लेकीचं होतं, ती एकदा ऑफिसात आली होती आणि त्याच्या खुर्चीत बसली होती. तिसरं शेजाऱ्यांच्या पोरीचं, तिला तिची आई जिन्यातून त्या नावाने हाका मारते. जे नाव मनात येई त्याच्यामागे एक खरी पोरगी उभी असे, कुणाची तरी, आपलं नाव घट्ट धरून. आणि दुसऱ्याचं नाव उचलून आपल्या वस्तूला लावू नये, हे तो आयुष्यभर इथेच, याच टेबलाशी, शपथेवर सांगत आला होता. तो शोधत राहिला, कुणाचंच नसलेलं एक नाव, आणि शोधता शोधता त्याला समजलं की ज्याला खरी मुलगी असते त्याला हे शोधावं लागत नाही. कमिशनर टेबलावर पेन आपटत नव्हते, घाई करत नव्हते. सगळे थांबले होते. काकूही पुढे झुकून ऐकायला थांबल्या होत्या, कारण त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मला मुलगी नाही. तसं लिहा."

"अहो, असं काय बोलता?" काकू उठून उभ्या राहिल्या. "कुणी काही म्हणालं का तुम्हाला? दुकान जाऊ दे, पाटी जाऊ दे. पण पोरीबद्दल असं बोलू नये हो."

कमिशनरांनी त्यांना हाताने खाली बसायला सांगितलं. काकांनी त्यांचा दंड धरला आणि त्या बसल्या, पण त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या, रागाने नव्हे, काळजीने. मॅडमनी फाइल मिटली आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणाल्या. काकूंच्या वकिलानेही आपले कागद गोळा केले. मग कागद त्याच्यापुढे आला. उत्तर बदललं की आधीचा शब्द खोडायचा आणि खोडलेल्या शब्दाशेजारी साक्षीदाराने आपली सही करायची, ही रीत त्याला पाठ होती. टायपिस्टने पट्टी लावून 'आहे'वरून सरळ रेघ ओढली होती. रेघ बारीक होती आणि शब्द अजून वाचता येत होता. तो बराच वेळ वाचत राहिला. टायपिस्टला वाटलं, त्याला जागा सापडत नाहीये, म्हणून तिने बोटाने दाखवली. त्याने तिथे स्वतःचं नाव लिहिलं.